वेस्ट कशाला म्हणायचं

माल तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरनं बॉक्सवरची टेप ब्लेडनं कापली, वरची पिशवी काढली, पिशवीतला कपडा दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि मला विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

मी म्हणाले, "वेस्ट."

"बॉक्सवर काय छापलंय?"

"वेस्ट."

"आणि हे वेस्ट आहे?"

मी नीट बघितलं. काळा टॉप, खांद्यावर शेवयीसारखी बारीक पट्टी, पट्टी लांब-आखूड करायला इवल्या प्लास्टिकच्या कड्या. मला तरी ते वेस्टच वाटत होतं. त्यांनी बॅगेतून बायरचा, म्हणजे माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा, कागद काढला. त्यावर 'वेस्ट' या शब्दाखाली चित्र होतं. चित्रातल्या टॉपची पट्टी दोन बोटं रुंद होती.

"दुसरं बॉक्स उघडा," ते म्हणाले.

दुसऱ्या बॉक्सवर 'कॅमी' छापलं होतं. आत रुंद पट्टीचे टॉप निघाले. तिसरं उघडलं, चौथं उघडलं. चूक असावी तर अशी. दोनशे चाळीस बॉक्समध्ये एकसुद्धा अपवाद नव्हता. आमच्या फॅक्टरीत इतकं एकसारखं काम त्याआधी कधी झालं नव्हतं.

ही गोष्ट सणसवाडीतल्या एका गारमेंट युनिटमधली. दोन हजार सालाच्या पुढेमागे मी तिथं क्वालिटी इनचार्ज होते. शिरूरहून रोज सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकातल्या ऐकायच्या, असा माझा दिनक्रम होता. युनिट एक्स्पोर्टचं. इथं शिवलेलं सगळं परदेशात जायचं. ज्या बायका ते शिवायच्या त्यांनी ते कधी अंगात घातलं नाही आणि ज्या घालणार होत्या त्यांना सणसवाडी ठाऊक नव्हती. तक्रार कुणाचीच नव्हती.

त्या ऑर्डरमध्ये दोन प्रकार होते. दोन्ही बिनबाह्यांचे, दोन्ही एकाच होजिअरी कापडाचे. फरक फक्त खांद्यावरच्या पट्टीचा. एकाची रुंद, दुसऱ्याची बारीक. बायर इंग्लंडचा. इंग्लंडमध्ये रुंद पट्टीच्या टॉपला वेस्ट म्हणतात आणि बारीक पट्टीच्या टॉपला कॅमी. हे आता मी छातीठोक सांगते. तेव्हा हे आमच्या युनिटमध्ये एकाच जागी लिहिलेलं होतं. तो कागद फाईलमध्ये, फाईल कपाटात आणि कपाटाची किल्ली प्रॉडक्शन मॅनेजर चोप्रासाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. कागद अगदी सुरक्षित होता.

बाकी ज्याचं त्याचं आपलं आपलं चाललं होतं. पुण्याच्या ऑफिसात रिया नावाची मर्चंडायझर होती. मर्चंडायझर म्हणजे बायर आणि फॅक्टरी यांच्यामधला माणूस. बायर काय म्हणाला ते फॅक्टरीला कळवायचं आणि फॅक्टरीत काय घडलं ते बायरला कळू द्यायचं नाही. रिया फॅशनच्या कॉलेजातून नुकतीच आलेली. कॉलेजात अमेरिकन पुस्तकं होती म्हणून तिच्या चार्टमध्ये रुंद पट्टी म्हणजे 'टँक' आणि बारीक पट्टी म्हणजे 'स्पॅगेटी'. कटिंगचे रामबचन मास्टर गोरखपूरकडचे. त्यांच्या तोंडी रुंद ती गंजी आणि बारीक ती समीज. शिलाईच्या लाईनवरच्या बायका रुंद पट्टीवालीला बंडी म्हणायच्या, बारीकवालीला नाडी. गेटवरच्या वॉचमननं आधीच्या एका गेटपासवर 'लेडीज बनियन नग' असं लिहिलं होतं, तर चोप्रासाहेबांनी 'बनियन' खोडून 'आयटम' करायला लावलं. शब्द वाईट दिसतो म्हणाले.

आमच्या घरीही वेगळं नव्हतं. एकदा एक रिजेक्ट पीस मी दाखवायला घरी नेला होता. सासूबाईंनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पोरीला झबलं कशापायी?" शिरूरच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराकडे तसंच काही लटकत होतं. त्याला मी नाव विचारलं, तर तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "आतलं." बाहेर टांगून ठेवलं होतं, पण आतलं.

तर बॉक्स. इंग्लंडच्या बायरनं सांगितल्याप्रमाणं बॉक्सवर आणि पिशव्यांच्या स्टिकरवर 'वेस्ट' आणि 'कॅमी' छापून आलं होतं. पॅकिंगच्या टेबलाशेजारी रियाचा चार्ट लावला होता. त्यावर 'टँक' आणि 'स्पॅगेटी'. एका बाजूला दोन नावं, दुसऱ्या बाजूला भलतीच दोन नावं, आणि मध्ये मंगल.

मंगल पॅकिंगच्या टेबलाची प्रमुख. माहेर-सासर दोन्ही भांडगावचं. नवऱ्याला सणसवाडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कंत्राटी काम मिळालं म्हणून इथं खोली घेऊन राहिलेली. मुलगी इथल्याच शाळेत दुसरीला. मंगल दहावी पास होती, तिचा हात चालायचा आणि पिशवीत कपडा असा घालायची की कॉलर नसलेला टॉपही इस्त्रीचा शर्ट वाटावा. गेली तीन वर्षं, दर वेळी अकरा महिने काम आणि एक महिना घरी, असा तिचा ब्रेक चालला होता. परमनंट होऊ नये म्हणून अकरा महिन्यांनी माणसाला महिनाभर घरी पाठवायचं, याला आमच्याकडे ब्रेक म्हणत. जणू विश्रांतीच. त्या वर्षी पहिल्यांदा तिचा परमनंटचा कागद तयार झाला होता आणि त्याच आठवड्यात पुण्याला जायचा होता.

इन्स्पेक्टर चौथ्या बॉक्सवर असतानाच चोप्रासाहेब आले. त्यांनी बॉक्स बघितलं, कागद बघितला आणि एका मिनिटात निष्कर्ष काढला. तेवढ्या वेगानं त्यांनी लाईन कधी चालवली नव्हती.

"पॅकिंग की गलती है," ते इन्स्पेक्टरला म्हणाले. मग वळून ओरडले, "मंगल! पढ़ना नहीं आता? वेस्ट का बॉक्स, कॅमी का माल?"

मंगल पुढं आली. हातात टेपचं रीळ तसंच. "साहेब, मी इचारलं व्हतं तुमास्नी. सोमवारी. तुमी म्हणला, पतली पट्टी वेस्ट."

"मैं? मैं ऐसा क्यों बोलूँगा?"

"तुमीच म्हणला. ह्या टेबलापाशी हुबं राहून."

"झूठ मत बोलो. शैला मॅडम, इसका कार्ड जमा कर लो. कल से नहीं आएगी. और वो परमनंट का पेपर रोक दो."

शैला म्हणजे मी. मंगलनं रीळ टेबलावर ठेवलं, गळ्यातलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग टेबलाच्या कडेला जाऊन उभी राहिली. निघून गेली नाही. कुणी जा म्हटलं नव्हतं म्हणून की कुठं जावं ते सुचेना म्हणून, ते मी नंतरही विचारलं नाही.

इन्स्पेक्टर फार सभ्य माणूस. म्हणाले, "मी उद्या दुपारी दोनला परत येतो. तोवर माल नीट झाला तर पास करतो. नाहीतर माझ्या रिपोर्टवर फेल." ट्रकही दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बंदराकडे निघणार होता. जहाज आमच्या पट्ट्यांसाठी थांबणार नव्हतं. चोप्रासाहेबांनी इन्स्पेक्टरला चहाला केबिनमध्ये नेलं आणि रियाला ताबडतोब निघून यायचा फोन केला.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. तेव्हा मला एक गोष्ट माहीत होती जी त्या घटकेला दुसऱ्या कुणालाच आठवत नव्हती.

पॅकिंग सुरू व्हायच्या आधी एक फॉर्म भरतात. पहिलं बॉक्स भरलं की क्वालिटी इनचार्जनं ते उघडून बघायचं, बायरच्या कागदाशी ताडायचं आणि सही करायची. ती सही झाल्याशिवाय दुसरं बॉक्स भरायचं नाही. तो फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्यावर सही माझी होती. मी पहिलं बॉक्स उघडलं होतं. आतल्या बारीक पट्ट्याही बघितल्या होत्या. पण कपाटातला कागद मागवण्याचा कंटाळा केला होता. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता. वेस्ट म्हणजे बनियन, बनियन म्हणजे आतलं, आतलं म्हणजे बारीक पट्टी. पुण्यात टिळक रोडवरच्या कुठल्याशा दुकानात मी तसं ऐकलंही होतं. झाली सही.

म्हणजे मंगलनं चूक केली ती साहेबांना विचारून, आणि मी केली ती कुणालाच न विचारता. कार्ड तिचं जमा झालं.

मी डबा उघडला आणि बंद केला. चोप्रासाहेबांना फॉर्म आठवला नव्हता. फॉर्म असा असतो हेच त्यांना आठवलं नसतं. मी गप्प राहिले असते तर माझं काही बिघडत नव्हतं. हे मी आज सांगते कारण तेव्हा मी तासभर खरंच गप्प राहिले. कुणी मला प्रामाणिक वगैरे म्हटलं की हा तास मला आठवतो.

तासाभरानं पुण्याहून रियाची गाडी आली. ती केबिनमध्ये शिरल्या शिरल्या आतून आवाज यायला लागला. रिया म्हणत होती, चार्ट बरोबर होता. रामबचन मास्टर म्हणत होते, कटिंग बरोबर होतं. चोप्रासाहेब म्हणत होते, इन्स्ट्रक्शन बरोबर होती. सगळं बरोबर होतं, फक्त माल चुकला होता.

मी टेबलावरून एक रुंद पट्टीचा पीस घेतला, एक बारीक पट्टीचा. फॉर्म घेतला. मंगलला म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"कशाला ताई? मला परत बोलणी खायची न्हाईत."

"बोलणी मी खाणार आहे. चल."

केबिनमध्ये दोन्ही पीस मी चोप्रासाहेबांच्या टेबलाच्या काचेवर पसरले. साहेबांनी लगेच नजर खिडकीकडे वळवली. दिवसाला हजारो पीस बनवणारा माणूस, पण टेबलावर पसरलेला एक पीस त्यांना बघवेना.

"एक मिनिट द्या," मी म्हटलं. "प्रत्येकानं एका चिठ्ठीवर दोन नावं लिहायची. वरती रुंद पट्टीचं, खाली बारीक पट्टीचं. तुम्ही फॅक्टरीत जे म्हणता तेच लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

"ये क्या स्कूल है?" साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टरनं खिशातून पेन काढलं. त्यांना मजा वाटली असावी. त्यांनीच लिहायला घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांना लिहावं लागलं. मास्टरांना मराठी येत नव्हतं, त्यांनी हिंदीत लिहिलं. मंगल मागे उभी होती, तिला मी माझं पेन दिलं.

चिठ्ठ्या मी मोठ्यानं वाचल्या.

रिया: टँक, स्पॅगेटी. मास्टर: गंजी, समीज. इन्स्पेक्टरनी वरती आधी 'सिंगलेट' लिहून खोडलं होतं आणि मग 'वेस्ट' लिहिलं होतं. खाली कॅमी. मी त्यांच्याकडे बघितलं. ते जरा ओशाळून म्हणाले, "मागच्या महिन्यात ऑस्ट्रेलियाचा माल होता. ते याला सिंगलेट म्हणतात."

मग चोप्रासाहेबांची. वरती 'स्लीव्हलेस'. खाली, स्वच्छ अक्षरात, 'वेस्ट'.

इन्स्पेक्टरनी पेन मिटून खिशात ठेवलं.

"ये तो..." साहेब म्हणाले, "ये तो मैंने जनरल में लिखा है."

"पुढची वाचा," इन्स्पेक्टर म्हणाले.

पुढची मंगलची होती. वरती 'बंडी'. खाली तिनं लिहिलं होतं, 'चोप्रासाहेबांची वेस्ट'.

रामबचन मास्टर हसले आणि लगेच खोकले. रिया तिच्या चार्टात तोंड घालून बसली. इन्स्पेक्टरनी चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली, स्वतः वाचली आणि घडी घालून परत दिली.

शेवटची चिठ्ठी माझी. "माझीसुद्धा खाली 'वेस्ट'च आहे," मी म्हटलं आणि फॉर्म टेबलावर ठेवला. "पहिलं बॉक्स मी पास केलंय. सही माझी. मंगलनं विचारलं तरी होतं. अख्ख्या फॅक्टरीत विचारणारी ती एकटी. कार्ड जमा करायचं असेल तर माझं करा."

साहेबांनी फॉर्म हातात घेतला. सही बघितली. आता माझ्यावर ओरडावं तर ओरडण्याचं कारण त्यांच्याच अक्षरात शेजारी पडलेलं होतं. त्यांनी फॉर्म उलटा ठेवला आणि म्हणाले, "ठीक है. पहले माल सुधारो. बाकी बाद में देखेंगे."

मी मंगलचं कार्ड तिथंच तिच्या हातात दिलं. साहेबांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. या कामात ते वाकबगार होते.

सुधारायचं म्हणजे काय होतं ते सांगते. पिशव्यांवर स्टिकर होती, त्यामुळे नुसती बॉक्स बदलून भागणार नव्हतं. प्रत्येक पिशवी फोडायची, कपडा काढायचा, तोच साईज, तोच रंग बघून दुसऱ्या पिशवीत घालायचा, पुन्हा चिकटवायची. पॅकिंगला आठ बायका. आठ जणींचं हे चार दिवसांचं काम, आणि हातात होती त्या दिवशीची दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ.

चोप्रासाहेब म्हणाले, "लाईन बंद नहीं होगी." शिलाईची लाईन बंद ठेवली तर त्यांचं त्या दिवसाचं प्रॉडक्शन कमी दिसलं असतं. माल परत आला असता तर चाललं असतं, पण तक्त्यावर आकडा कमी दिसता कामा नये.

मंगलनं त्यांना विचारलं नाही. ती सरळ शिलाईच्या लाईनवर गेली. तिथं पन्नास-साठ मशीन एकदम चालतात, बोललेलं ऐकू येत नाही. तिनं मेन स्विचपाशी जाऊन खटका खाली ओढला. मशीन थांबली. सगळ्या बायकांनी मान वर केली.

"अगं आयाबायांनो, बंडी आन् नाडीची अदलाबदल झाली," ती म्हणाली. "साऱ्या पिशव्या फोडायच्यात. उद्या दोनच्या आत न्हाई झालं तर माल जायचा न्हाई, आन् माल गेला न्हाई तर पुढली ऑर्डर यायची न्हाई. मी काय साहेब न्हाई. या म्हणती, एवढंच."

साहेब दारात उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं, पण इन्स्पेक्टर त्यांच्याच शेजारी उभे होते, म्हणून ते तोंड मिटलं.

एक बाई उठली. मग दुसरी. मग सगळी लाईन. त्यांनी जमिनीवर कापड अंथरलं आणि समोरासमोर दोन रांगा करून बसल्या. एका रांगेनं बंडी काढून समोर टाकायची, दुसरीनं नाडी काढून इकडं टाकायची. टँक, स्पॅगेटी, वेस्ट, कॅमी असला एक शब्द कुणी उच्चारला नाही. "काळी बंडी मधला साईज दे गं," "पांढरी नाडी घे," एवढंच ऐकू येत होतं. मी दोन्ही रांगांच्या टोकाला बसले होते. या वेळी बायरचा कागद मांडीवर घेऊन. प्रत्येक बॉक्सातून चार पीस उघडून ताडत होते. रियासुद्धा उंच टाचांच्या चपला काढून जमिनीवर बसली. तासाभरानं तीही "नाडी, नाडी" ओरडायला लागली.

बस सुटेपर्यंत निम्म्याच्या वर काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळ्या हजर. एक वाजता शेवटच्या बॉक्सवर मंगलनं टेप मारली. दोनला इन्स्पेक्टर आले. त्यांनी त्यांच्या मनानं वीस बॉक्स निवडली. विसांतलं एकही चुकलेलं निघालं नाही. जाताना ते मंगलला म्हणाले, "ताई, तुमचं ते बंडी-नाडी बायरला कळवू का?"

मंगल म्हणाली, "कळवा की. त्यांनाबी सोपं जाईल."

माल गेला. मग ऑफिसची कारवाई सुरू झाली.

पुण्याहून आठ दिवसांत परिपत्रक आलं. 'प्रॉडक्ट टर्मिनॉलॉजी' असं मथळ्यावर होतं. चौदा प्रकारच्या बिनबाह्यांच्या कपड्यांची चौदा इंग्रजी नावं, बारीक अक्षरात, चित्राशिवाय. चित्रं टाकली तर पान बरं दिसत नाही असं कुणी वरिष्ठ म्हणाले होते म्हणे. ते नोटीस बोर्डावर लागलं. खाली हळदीकुंकवाचं निमंत्रण लागलं. ते सगळ्यांनी वाचलं.

मला मेमो मिळाला. पहिलं बॉक्स न ताडता पास केल्याबद्दल. मेमो योग्य होता, मी सही करून घेतला. त्या वर्षीची माझी बढती गेली. चोप्रासाहेबांना 'संकटकाळी तत्परतेनं माल रवाना केल्याबद्दल' पुण्याच्या ऑफिसनं शाबासकीचं पत्र दिलं. त्यांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. फ्रेम मात्र छान होती.

मंगलच्या परमनंटच्या कागदाचं कुणी नाव काढेना. मी दोनदा विचारलं. "देखेंगे," साहेब म्हणाले. तिसऱ्यांदा मी त्या सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, "साहेब, मेमोला उत्तर लिहायचंय. सोबत ह्या पुरावा म्हणून जोडू का?" कागद त्याच दिवशी दुपारी पुण्याला गेला. पाकीट मी परत माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. अशा गोष्टी फाडायच्या नसतात.

मंगल पुढं पॅकिंगची सुपरवायझर झाली. मी नोकरी सोडेपर्यंत तिथंच होती. तिनं तिच्या खात्यापुरता एक नियम केला, कुठल्याही परिपत्रकाशिवाय. नवी ऑर्डर आली की प्रत्येक प्रकारचा एक पीस दोरीवर टांगायचा आणि त्याच्याखाली त्याचं रिकामं बॉक्स ठेवायचं. मग चोप्रासाहेबांना बोलवायचं. ते लांबूनच सांगायला लागले, "वो जो पतली वाली है ना..." की ती म्हणायची, "तोंडानं नगं साहेब. हात लावून दावा."

साहेब इकडंतिकडं बघायचे. साठ बायका बघत असायच्या. मग दोन बोटांनी, विंचू उचलावा तसा, पीस उचलून त्याच्या बॉक्समध्ये टाकायचे. ते पडलं की मंगल फॉर्म पुढं करायची आणि म्हणायची, "आता सही."

मी पुढं बारा वर्षं क्वालिटीत काम केलं. बिनबाह्यांच्या कपड्याला जगात एकंदर किती नावं आहेत ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं सांगते की नाव वाचून सही करू नये, बॉक्स उघडून करावी. आणि एखादी बाई येऊन विचारत असेल की साहेब, ह्याला म्हणायचं काय, तर तिला उत्तर द्यायच्या आधी आपल्याला ते येतं का एवढं बघावं.